फाइल बिघडते कुठे: डिस्कवर, मेमरीत की वाटेत?

तुमच्या प्रश्नातली हकिगत आधी माझ्या शब्दांत मांडतो. बारा जणांचे कार्यालय आहे. कोपऱ्यात साधा टॉवर संगणक असून त्यावर उबुंटू (लिनक्स) आणि अपाची हा साइट पुरवणारा कार्यक्रम चालतो, आणि आठ-आठ जीबीच्या दोन रॅम (मेमरी) पट्ट्या आहेत. कर्मचारी पीडीएफ आणि छायाचित्रे अपलोड करतात, ग्राहक ती उतरवून घेतात. दोन महिन्यांपासून मधूनच एखादी पीडीएफ उघडत नाही, एखाद्या छायाचित्राचा खालचा अर्धा भाग गुलाबी किंवा करडा होतो. तीच फाइल पुन्हा अपलोड केली की ती नीट होते आणि काही दिवसांनी दुसरीच एखादी बिघडते. अँटिव्हायरसला काही सापडले नाही. तुम्ही डिस्क नवी घातली, जुनीवरचा सगळा डेटा तिच्यावर उतरवला आणि तरीही त्रास थांबला नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. आता पुढचा कोणता भाग बदलावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते तूर्त कोणताही भाग बदलू नये. भाग बदलत जाऊन दोष शोधण्याची पद्धत पंख्याला किंवा पॉवर सप्लायला ठीक आहे, कारण तिथे दुरुस्ती झाली की नाही हे लगेच कळते. इथे दोष आठवड्यातून एकदा दिसतो, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर पंधरा दिवस वाट पाहावी लागते आणि तेवढ्या काळात आणखी फाइली बिघडतात. शोधायचे ते हे की बाइट नेमका कोणत्या क्षणी बदलतो. कर्मचाऱ्याच्या संगणकावरून सर्व्हरवर येताना, सर्व्हरवर लिहिला जाताना, डिस्कवर नुसता पडून असताना, की वाचून ग्राहकाकडे जाताना? हे कळले की संशयित आपोआप एक-दोन उरतात.

उत्तर बरेचसे तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित, सांकेतिक जोडणीवर) आहे की साध्या एचटीटीपीवर, फाइली एफटीपीने (फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) चढतात की ब्राउझरमधून, त्या त्याच यंत्राच्या डिस्कवर आहेत की नेटवर्कवरच्या दुसऱ्या डब्यात (साठवणीच्या यंत्रात), यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. म्हणून मी निदान देत नाही, निदानाचा क्रम देतो आणि माझा संशय कुठे आहे व का आहे तेही सांगतो.

त्याआधी चार गोष्टी आजच करा. बिघडलेल्या फाइलींवर नव्या फाइली चढवणे थांबवा. बिघडलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, कारण तोच तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे. रात्रीचा बॅकअप जुन्या प्रतीवर लिहिला जात असेल तर तोही तूर्त थांबवा, नाहीतर चांगल्या प्रतीच्या जागी बिघडलेली प्रत जाऊन बसेल. आणि काढलेली जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, कुणाला देऊनही टाकू नका. तुमच्या फाइलींची सर्वांत स्वच्छ प्रत कदाचित तिच्यावरच असेल. असे का म्हणतो ते पुढे येईलच.

आता पहिली चाचणी. एखादी मोठी फाइल घ्या, साधारण दोन-तीनशे एमबीची. कर्मचाऱ्याच्या संगणकावर तिचा शा-२५६ चेकसम काढा, म्हणजे फाइलीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला, एक बिट बदलला तरी बदलणारा आकडा. अपलोड झाल्यावर सर्व्हरवर जाऊन तोच चेकसम काढा आणि मग तिसऱ्या संगणकावर फाइल उतरवून तिथेही काढा. पहिला आणि दुसरा जुळला नाही तर बिघाड येताना किंवा लिहिताना होतो. दुसरा आणि तिसरा जुळला नाही तर तो जाताना होतो. तिन्ही जुळले तर फाइल तशीच ठेवून रोज सकाळी सर्व्हरवर चेकसम काढत राहा. लहान फाइलीवर ही चाचणी करून उपयोग नाही. दोष हजारो लाखो बाइटांत एखाद्याला गाठत असेल तर त्याला पुरेसे मोठे मैदान द्यावे लागते.

दुसरी चाचणी मला अधिक बोलकी वाटते आणि लोक तीच सहसा करत नाहीत. बिघडलेले बाइट डोळ्यांनी पाहा. चांगली प्रत आणि बिघडलेली प्रत शेजारी ठेवून लिनक्सवरची ‘सीएमपी’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह चालवली, की कोणत्या क्रमांकाचा बाइट बदलला आणि तो कशाचा काय झाला हे ती अष्टमान पद्धतीत एकेका ओळीवर छापते. किती बाइट बदलले, कुठे बदलले आणि कसे बदलले, या तीन गोष्टींवरून गुन्हेगाराची ओळख बऱ्याचदा तिथेच पटते.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्या प्रकरणाशी फार मिळतेजुळते आहे. एका लहान कार्यालयाच्या साइटवर मराठी लेख होते. एका लेखाच्या मथळ्यात ‘काळ’ या शब्दाच्या जागी ‘गाळ’ दिसू लागले. मजकूर टाइप करणाऱ्या मुलीला त्याबद्दल दोनदा बोलणी खावी लागली. आपण ‘काळ’च टाइप केले होते, हे ती सांगत होती आणि तिच्या संगणकावरच्या मूळ फाइलीत तसेच होतेही. तरी ‘नंतर दुरुस्त केले असेल’ असे म्हणून तिचे म्हणणे कुणी मनावर घेतले नाही. मी दोन्ही प्रती ‘सीएमपी’ला दिल्या तेव्हा अख्ख्या फाइलीत एकच ओळ छापून आली. एकाच जागचा बाइट २२५ चा २२७ झाला होता. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर तीन बाइटांचे असते आणि ‘ग’ हेही. पहिले दोन बाइट दोघांचे सारखेच असतात. ‘क’चा तिसरा बाइट द्विमान पद्धतीत १००१०१०१ आणि ‘ग’चा १००१०१११. म्हणजे उजवीकडून दुसरा एकच बिट शून्याचा एक झाला की ‘काळ’चा ‘गाळ’ होतो. माणूस टाइप करताना चुकतो तेव्हा चूक कळफलकाप्रमाणे किंवा उच्चाराप्रमाणे होते आणि जतन करताना फाइलीची तारीख बदलते. इथे तारीख दोन वर्षांपूर्वीचीच होती. ती चूक तिची नव्हती, यंत्राची होती, आणि हे मी तिच्यासमोर, सगळ्यांच्या देखत सांगितले.

त्या कार्यालयानेही तुमच्यासारखीच डिस्क बदलली होती आणि बिघाड त्यानंतरच वाढला होता. कारण असे की जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जाणारा प्रत्येक बाइट आधी मेमरीत येतो आणि तिथून पुढे जातो. मेमरीची पट्टी सदोष असेल तर शेकडो जीबी डेटा त्या सदोष जागेवरून पार होतो आणि ज्या फाइली वर्षानुवर्षे कुणी हात न लावता सुखरूप होत्या त्यांतल्याही काही वाटेत बिघडतात. नकल करणारी आज्ञा अशा वेळी सहसा मूळ तारीख जपेल अशी चालवतात, म्हणून बिघडलेली फाइल दोन वर्षांपूर्वीचीच वाटते. नकल करणारा कार्यक्रम लिहिलेले पुन्हा डिस्कवरून वाचून सहसा पडताळत नाही, त्यामुळे त्याच्याकडून तक्रारही येत नाही. आम्ही कपाटातली जुनी डिस्क काढून केवळ वाचण्यापुरती जोडली, तेव्हा तिच्यावर ‘काळ’ शाबूत होता.

तुमची छायाचित्रे अर्ध्यावरून गुलाबी होतात, हेही याच दिशेने बोट दाखवते. जेपेग फाइलीत प्रत्येक ठोकळ्याचा रंग आधीच्या ठोकळ्याच्या तुलनेत लिहिलेला असतो आणि तो लांबी-बदलत्या संकेतांत दाबून भरलेला असतो. मधला एक बिट उलटला की पुढचे वाचन घसरते आणि तिथून खालच्या सगळ्या चित्राचा रंग बिघडतो. म्हणून अर्धे चित्र गेले याचा अर्थ अर्धी फाइल गेली असा होत नाही. मात्र हा केवळ संशय आहे. ‘सीएमपी’ने त्यावर शिक्कामोर्तब करायला हवे.

कारण दुसऱ्या आकाराचे बिघाडही असतात. ४०९६ बाइटांचा किंवा त्याच्या पटीतला सलग पट्टा शून्यांनी भरलेला दिसला, तर ते फाइलसिस्टीमचे (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे) किंवा अचानक लाइट जाण्याचे लक्षण आहे. लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर लिहायचा डेटा साधारण ३० सेकंद मेमरीत धरून ठेवू शकतो आणि तेवढ्यात यूपीएसने दगा दिला, तर फाइलीचे नाव आणि आकार राहतो पण आतला मजकूर पोचलेला नसतो, किंवा फाइल शून्य बाइटांची होते. फाइल शेवटाकडून कापली गेली असेल तर डिस्क भरली होती का, किंवा अपलोड मध्येच तुटले का, ते पाहा. फाइल थोडी फुगली असेल आणि दशमान पद्धतीत १० किंमत असलेल्या (म्हणजे ओळ बदलणाऱ्या) प्रत्येक बाइटाआधी १३ किमतीचा बाइट आलेला असेल, तर कुणीतरी एफटीपी मजकूर पद्धतीवर ठेवून द्विमान, म्हणजे साधा मजकूर नसलेली, फाइल पाठवली आहे. ही चूक इतकी जुनी आहे की पीएनजी या चित्रप्रकाराच्या पहिल्या आठ बाइटांत ती पकडण्यासाठी मुद्दाम १३, १० अशी जोडी आणि शेवटी एकटा १० ठेवलेला आहे. ओळबदलाची अदलाबदल झाली की ही सहीच मोडते आणि चित्र उघडायला नकार मिळतो. साइट चालवणाऱ्या पीएचपी फाइलींच्या सुरुवातीला अनोळखी मजकूर चिकटला असेल तर मात्र हार्डवेअर विसरा. साइटमध्ये कुणीतरी शिरले आहे आणि तो वेगळा, अधिक तातडीचा विषय आहे.

तारखांकडेही नीट पाहा. ‘स्टॅट’ ही आज्ञा फाइलीच्या अनेक तारखा देते, त्यांतल्या दोन इथे कामाच्या. एक मजकूर बदलल्याची आणि दुसरी फाइलीची नोंद बदलल्याची. पहिली कुणालाही मागे नेता येते, दुसरी सहजासहजी नेता येत नाही. ‘आरसिंक’ या फक्त बदललेल्या फाइली नेणाऱ्या कार्यक्रमाने बॅकअप घेत असाल तर तो साधारणपणे फक्त आकार आणि तारीख पाहतो. म्हणून जागच्या जागी आणि तारीख न बदलता बिघडलेली फाइल तो बॅकअपमध्ये नेतच नाही आणि जुनी प्रत तिथे शाबूत राहते. त्याच आरसिंकला प्रत्यक्ष काही न लिहिता फक्त चेकसमने तुलना करून यादी द्यायला सांगा. ज्या फाइलींची तारीख आणि आकार तोच आहे, पण मजकूर वेगळा आहे, त्यांची यादी तुमच्या हाती येईल. माझ्या कामात ही यादी मी सगळ्यात आधी काढतो. या फाइली कुणी संपादित केलेल्या नाहीत, म्हणजे त्यांच्यात जो फरक आहे तो यंत्राने केलेला आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

डिस्कवर तुम्ही पहिला संशय घेतला तो स्वाभाविक होता, पण डिस्क सहसा गुपचूप खोटे सांगत नाही. तिच्या प्रत्येक सेक्टरला (साठवणीच्या लहान खणाला) स्वतःचा चूक-सुधार संकेत असतो. सेक्टर खराब झाला आणि सुधारता आला नाही तर ती चुकीचे बाइट न देता ‘वाचता येत नाही’ असे कळवते आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत त्रुटी उमटते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट अहवालात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे शून्याच्या वर सरकलेले दिसतात. केबल सैल असेल तर १९९ चा आकडा वाढतो, पण त्या वाटेवरही पडताळणी असल्याने चुकीचा तुकडा पुन्हा मागवला जातो, बिघडलेला पुढे जात नाही. अपवाद असतात, पण जिथे एकही त्रुटी नोंदलेली नाही आणि तरी बाइट बदलतात, तिथे पडताळणी नसलेल्या जागेकडे वळावे. साध्या संगणकात अशी सर्वांत मोठी जागा म्हणजे रॅम.

रॅमचा दोष सामान्य नाही, असा समज मी अनेकांच्या तोंडी ऐकतो. टोरांटो विद्यापीठ आणि गुगल यांच्या संशोधकांनी २००९ साली गुगलच्या सर्व्हरांवरील मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच चुका योगायोगाने उलटलेल्या बिटांच्या नसून कायमच्या दोषांच्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते सर्व्हर चूक ओळखणाऱ्या ईसीसी मेमरीचे होते, म्हणून त्या चुका मोजता आल्या. तुमच्या यंत्रात तसे मोजणारे काहीच नाही.

रॅम तपासताना आधी एक पाच मिनिटांची चाचणी करा. बिघडलेल्या फाइलीचा चेकसम सर्व्हरवर काढा. मग ‘सिंक’ ही आज्ञा चालवून, कर्नलच्या ‘ड्रॉप कॅशेस’ या नोंदीत ३ लिहून वाचनाची कॅशे (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची मेमरीत ठेवलेली प्रत) रिकामी करा आणि पुन्हा चेकसम काढा. तो बदलून मूळ चांगल्या प्रतीच्या चेकसमशी जुळला, तर डिस्कवरची फाइल चांगली आहे आणि मेमरीत आलेली तिची प्रत बिघडलेली होती, हे सिद्ध झाले. ‘सकाळी बिघडलेली फाइल सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर आपोआप बरी झाली’ असे कुणी तुमच्या कार्यालयात कधी म्हटले असेल, तर त्याचे कारणही हेच. चेकसम बदलला नाही, तर बिघाड डिस्कवर लिहिला गेलेला आहे. तरीही रॅम निर्दोष ठरत नाही, कारण तो लिहिण्यापूर्वीच मेमरीत झालेला असू शकतो.

त्यानंतर शुक्रवारी संध्याकाळी मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा कार्यक्रम लावा आणि सोमवारी सकाळपर्यंत चालू द्या. एका फेरीवर समाधान मानू नका. वर सांगितलेल्या प्रकरणात पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ गेल्या आणि तिसरीत एकाच पत्त्यावर, एकाच बिटाची चूक आली. चूक आली की निर्णय झाला. ती किती वेळा आली हे मोजत बसू नका. चूक आली नाही तरी पट्टी चांगलीच आहे असे म्हणता येत नाही, कारण काही दोष यंत्र तापल्यावर किंवा सगळ्या भागांवर एकदम ताण आल्यावरच उमटतात. अशा वेळी एक पट्टी काढून एकीवर आठवडाभर चालवा, मग दुसरीवर. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे मेमरीचा वेग वाढवणारी सोय, चालू असेल तर ते बंद करून मेमरी तिच्या मूळ वेगावर आणा. वेग वाढवलेली चांगली पट्टीसुद्धा सदोष पट्टीसारखी वागू शकते, आणि कार्यालयातल्या सर्व्हरला त्या वेगाचा काडीचाही फायदा नसतो.

वाटेतल्या बिघाडाबद्दल थोडक्यात. साइट एचटीटीपीएसवर असेल तर सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यामध्ये बदललेला बाइट खपत नाही. पडताळणी फसते आणि जोडणीच तुटते, म्हणून ग्राहकाला अपुरी फाइल मिळेल, पूर्ण पण चुकीची मिळणार नाही. साध्या एचटीटीपीवर मात्र टीसीपीच्या, म्हणजे डेटा पोचवणाऱ्या नेटवर्कच्या मूळ नियमावलीच्या, १६ बिटांच्या चेकसमवरच सारी भिस्त असते आणि ती तोकडी आहे. फाइली नेटवर्कवरच्या दुसऱ्या डब्यात किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या सामायिक फोल्डरमध्ये असतील, तर अपाचीमधली ‘सेंडफाइल’ची, म्हणजे फाइल थेट कर्नलकडून पाठवण्याची, सोय बंद करून पाहा. अशा मांडणीत ती सोय जुन्या किंवा मोडक्या फाइली देऊ शकते आणि अपाचीच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतही ती बंद ठेवण्याबद्दल सूचना आहे.

पुढच्या यंत्रासाठी माझा आग्रह ईसीसी मेमरीचा राहील. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोघेही ती चालवतात का, हे विकत घेण्यापूर्वी पाहा. डीडीआर५ मध्ये ‘आत ईसीसी असतेच’ असे दुकानदार सांगेल. ते चिपच्या आतल्या चुकांपुरते असते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेचे रक्षण ते करत नाही. डिस्क दोन लावून आरसा (दोन्हींवर तीच प्रत) ठेवायचा असेल तर साध्या राइड-१ या पद्धतीपेक्षा झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइलसिस्टीम घ्या. दोन प्रतींत फरक पडला तर राइड-१ ला कोणती खरी ते कळत नाही. या दोघांकडे प्रत्येक ठोकळ्याचा चेकसम असतो, म्हणून खरी प्रत ओळखून त्यांना दुसरी दुरुस्त करता येते. पण फाइल मेमरीतच बिघडून आली तर तेही बिघडलेल्या मजकुराचाच चेकसम इमानाने जपतील, म्हणून आधी मेमरी, मग फाइलसिस्टीम. नवे यंत्र येईपर्यंत निदान एक गोष्ट करा. अपलोड झालेल्या प्रत्येक फाइलीचा चेकसम एका यादीत नोंदवा आणि रोज रात्री ती यादी ताडून पाहणारे चार ओळींचे स्क्रिप्ट लावा. बिघाड ग्राहकाच्या आधी तुम्हाला कळेल.

राहिला आधीच झालेल्या नुकसानीचा प्रश्न. मेमरीचा निकाल लागण्यापूर्वी काहीही परत उतरवून घेऊ नका, नाहीतर दुरुस्तीची प्रतही त्याच सदोष पट्टीवरून जाईल. निकाल लागल्यावर जुनी डिस्क केवळ-वाचन पद्धतीने जोडा, शक्यतो दुसऱ्याच यंत्राला, आणि तिच्याशी नव्या डिस्कवरील सगळ्या फाइली चेकसमने ताडून पाहा. जिथे दोन्ही प्रती वेगळ्या आहेत तिथे कोणती खरी, ते प्रकारानुसार ठरवावे लागेल. पीएनजी, डॉक्स, एक्सएलएसएक्स आणि झिप यांच्या पोटातच पडताळणीचा आकडा असतो, तेव्हा त्यांची तपासणी यंत्राकडून करून घेता येते. पीडीएफसाठी ‘क्यूपीडीएफ’ या कार्यक्रमाची तपासणी बरीच मदत करते, पण सर्व चुका पकडत नाही. जेपेग डोळ्यांनी पाहावे लागते. सर्वांत जास्त वेळ साध्या मजकुराच्या आणि सीएसव्ही फाइलींना द्या, कारण त्या बिघडल्या तरी विनातक्रार उघडतात. इंग्रजी १ आणि ९ या अंकांत एकाच बिटाचा फरक आहे, ० आणि ८ यांच्यातही तेवढाच. त्या दोन महिन्यांत सर्व्हरवरून उतरवलेल्या ज्या सीएसव्हीवरून तुम्ही ग्राहकांची बिले काढली असतील, त्यांतल्या रकमा मूळ कागदाशी, शक्य तर दोन माणसांनी मिळून, एकेक करून जुळवून घ्या.